नळीची जाडी आधी कागदावर ठरवणारे फिटर : अंजर्ल्यातील गॅस गीझरच्या कामाचा अनुभव

हर्णै-अंजर्ले पट्ट्यातील आमच्या घरी पाहुण्यांना उतरण्यासाठी दोन खोल्या आहेत. या खोल्यांच्या न्हाणीघरांना गरम पाणी देणाऱ्या गॅस गीझरची आणि स्वयंपाकघरातील शेगडीची गॅसची नळी आम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात दापोलीच्या एका फिटरांकडून पूर्णपणे नव्याने टाकून घेतली. त्या कामावरून आता एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा गेला आहे, त्यामुळे त्याबद्दल जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते. हे फिटर एकटेच काम करतात. त्यांचे दुकान नाही, पाटी नाही आणि आपले नाव कोठे छापू नये अशी त्यांनी विनंती केली आहे. म्हणून त्यांच्या कामाची पद्धतच तपशिलाने सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतानाही काय मागायचे हे वाचणाऱ्याला कळेल.

विजेचा गीझर सोडून गॅसकडे का वळलो, हे थोडक्यात सांगते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. पावसाळ्यात वीज जाणे तर नेहमीचेच आहे. पूर्वी मागीलदारी चुलीवर तांब्याचा हंडा चढवून न्हाणीचे पाणी तापत असे, पण चार-पाच पाहुण्यांसाठी रोज पहाटे ओली लाकडे फुंकत बसणे आता जमत नाही.

पहिले काम तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका माणसाकडून करून घेतले होते. आमचे सिलिंडर घराच्या उत्तरेकडील उघड्या पडवीत असतात, तर न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर दक्षिणेच्या टोकाला आहेत. सिलिंडर स्वयंपाकघराला लागून ठेवले असते तर नळी चार हातांत भागली असती, पण तेथे विहीर आहे आणि सांडपाण्याचे गटारही आहे. एलपीजीची वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते. गळती झाली तर ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी उताराकडे सरकते आणि खड्ड्यात, गटारात किंवा विहिरीत साठून राहते. म्हणून सिलिंडर लांब ठेवण्याचा निर्णय योग्यच होता. चूक झाली ती नळीत. त्या माणसाने आठ मिलिमीटर बाहेरील व्यासाची, म्हणजे आतून जेमतेम सहा मिलिमीटरची तांब्याची नळी अठरा मीटर ओढली आणि तिच्याच टोकाला गीझर आणि शेगडी दोन्ही जोडली.

पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू झाली. स्वयंपाकघरात शेगडी पेटली की न्हाणीघरातले पाणी कोमट व्हायचे आणि कधी गीझरची ज्योत बसून जायची. त्या माणसाला बोलावले, तेव्हा त्याने नळीला हात न लावता सिलिंडरवरचा साधा रेग्युलेटर काढला आणि त्या जागी भट्टीला वापरतात तो, चावीने दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर बसवला. चावी थोडी फिरवल्यावर पाणी कढत येऊ लागले आणि आम्ही त्याचे आभार मानले. शेगडीची ज्योत मात्र तेव्हापासून बर्नर सोडून वर उचलल्यासारखी जळायची आणि फुस्स असा आवाज करायची. त्याचा अर्थ आम्हाला पुढे दोन वर्षे कळला नाही, याचे आजही वाईट वाटते, कारण त्या काळात आमच्याकडे लहान मुले असलेली कुटुंबे राहून गेली.

दापोलीचे फिटर प्रथम आले ते रेग्युलेटर बदलण्याच्या किरकोळ कामासाठी. त्यांनी पडवीतला भट्टीचा रेग्युलेटर पाहिला, मग नळीवरून हात फिरवत थेट न्हाणीघरापर्यंत चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, “काकू, रेग्युलेटर नंतर बघू. आधी कागद द्या आणि सांगा, तुमच्याकडे एका वेळी काय काय पेटतं?” त्यानंतरचा अर्धा तास त्यांनी हत्याराला हात लावला नाही. वहीच्या पानावर घराचा ढोबळ नकाशा काढून त्यांनी जे गणित मांडले, ते पान मी जपून ठेवले आहे.

आमचा गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा आहे. एवढे पाणी सतत पंचवीस अंशांनी तापवायचे तर पाण्यात साडेदहा किलोवॉट उष्णता जायला हवी. जळणाऱ्या गॅसची सगळी उष्णता पाण्यात उतरत नाही, काही वरच्या झरोक्यातून बाहेर जाते, म्हणून बर्नरला साधारण साडेबारा किलोवॉट लागते. एक किलो एलपीजी जळला की पावणेतेरा युनिटांच्या, म्हणजे किलोवॉट-तासांच्या, आसपास उष्णता मिळते. म्हणजे गीझर पूर्ण ज्योतीवर चालत असताना ताशी सुमारे एक किलो गॅस खातो. शेगडीचे दोन्ही बर्नर मोठे ठेवले तर ताशी तीनशे ग्रॅमच्या आसपास जातो. मग त्यांनी विचारले, “पुढंमागं दुसऱ्या खोलीला वेगळा गीझर घालणार का?” आम्ही तसा विचार करीत होतो. त्यांनी आणखी एक किलो मिळवून ताशी सव्वादोन किलो हा आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला. नळीची जाडी ठरवायची ती या आकड्यावरून. आज काय जळते त्यावरून नव्हे, आणि दुकानात कोणती नळी शिल्लक आहे त्यावरून तर मुळीच नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा आकडा लांबीचा. सरळ अंतर अठरा मीटर होते. वाटेत सहा वळणे होती आणि प्रत्येक वळण म्हणजे अर्धा मीटर जादा नळी, असा त्यांचा हिशेब होता, म्हणून एकवीस मीटर धरले. तिसरा आकडा दाबाचा. आपल्याकडची घरगुती शेगडी आणि असा गीझर तीस मिलिबार दाबावर चालण्यासाठी बनवलेले असतात. तीस मिलिबार म्हणजे पाण्याच्या साधारण एकतीस सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाएवढा दाब. तो इतका हलका असतो की नळीतल्या घर्षणात त्यातला मोठा भाग सहज संपून जातो. सगळे बर्नर चालू असताना नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मिलिबारपेक्षा जास्त घट होऊ द्यायची नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

यानंतर त्यांनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. नळीचा आतला व्यास निम्मा केला तर दाबाची घट दुप्पट किंवा चौपट होत नाही. तेवढाच गॅस तेवढ्याच लांबीतून नेताना ती बत्तीसपट होते, कारण व्यास कमी होईल तशी घट त्याच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. आमच्या सहा मिलिमीटर पोकळीच्या नळीतून गीझरला आणि शेगडीला लागणारा पूर्ण गॅस न्यायचा तर एकतीस मिलिबार दाब नळीतच खर्च झाला असता, म्हणजे रेग्युलेटर देतो तेवढा सगळाच. तेच गणित त्यांनी पंधरा मिलिमीटरच्या, आतून तेरा मिलिमीटर असलेल्या नळीसाठी मांडले. आज लागणाऱ्या गॅसला घट पाऊण मिलिबारच्या आत आली आणि दुसरा गीझर जोडल्यावर बरोबर दोन मिलिबार. तीच नळी ठरली. आमच्या बाजारात तिला सगळे अर्धा इंची म्हणतात, पण त्यांनी दुकानदाराला मिलिमीटरमध्ये आणि भिंतीच्या जाडीसह चिठ्ठी लिहून दिली.

केवळ कागदावर विश्वास ठेवू नका म्हणून त्यांनी मोजूनही दाखवले. त्यांच्याकडे हातभर लांबीची लाकडी पट्टी आहे. तिच्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवली आहे आणि मध्ये शाळेतल्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. आत पाणी असते आणि ते स्पष्ट दिसावे म्हणून त्यात कपड्यांच्या निळीचे दोन थेंब घातलेले असतात. भट्टीचा रेग्युलेटर काढून त्यांनी आपल्याजवळचा तीस मिलिबारचा रेग्युलेटर तात्पुरता लावला, गीझरजवळच्या तोंडाला ही पट्टी जोडली आणि मला समोर उभे केले. सगळे बंद असताना दोन बाजूंच्या निळ्या पाण्यात तेहतीस सेंटीमीटरचा फरक होता. गीझर चालू करताच निळे पाणी खाली आले आणि एकोणिसावर थांबले. माझ्या सुनेने आत शेगडी पेटवली तसे ते पंधरावर गेले. दोन वर्षे ज्या गोष्टीला आम्ही गीझरचा दोष समजत होतो, ती त्या पट्टीवर आकड्यात दिसत होती.

मग भट्टीच्या रेग्युलेटरने तक्रार मिटली कशी, असे मी विचारले. त्याचे उत्तर ऐकून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बारीक नळीत वाया जाणारा दाब भरून काढण्यासाठी त्या माणसाने सुरुवातीचाच दाब दुपटीहून अधिक वाढवला होता. गॅस वाहत असेपर्यंत घर्षणाने तो दाब कमी होतो आणि टोकाला सगळे ठीक दिसते. पण सगळे बर्नर बंद केले की नळीतला गॅस थांबतो, थांबलेल्या गॅसला घर्षण नसते, आणि मग वाढवलेला पूर्ण दाब शेगडीच्या चाव्यांवर, रबरी नळीवर आणि गीझरच्या झडपेवर येऊन बसतो. म्हणजे रात्री सगळे निजल्यावर आमच्या स्वयंपाकघरातल्या सांध्यांवर सर्वांत जास्त ताण असायचा. फक्त शेगडी चालू असतानाही दाब नेमापेक्षा जास्तच राहायचा, म्हणून ज्योत उचलून जळायची. भट्टीचा रेग्युलेटर भट्टीसाठी चांगलाच असतो, पण घरगुती शेगडीच्या आणि गीझरच्या ओळीवर तो कधीही लावू नये, हे त्यांनी तीनदा सांगितले. नवा रेग्युलेटर वितरकाकडूनच घ्यायला लावला आणि तो ताशी किती किलो गॅस देऊ शकतो हा त्याच्यावरचा आकडा आमच्या सव्वादोन किलोंशी ताडून पाहिला. जाड नळीच्या तोंडाला अपुरा रेग्युलेटर बसवला तर सगळा खर्च फुकट जातो.

सिलिंडरबाबतही ते काटेकोर होते. पाहुण्यांकडून पैसे घेऊन खोल्या देत असाल तर घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालणार नाही, १९ किलोचा व्यावसायिकच लागेल, असे त्यांनी आधीच बजावले होते. दोन सिलिंडर एकत्र जोडून दोन्ही उघडे ठेवण्याची व्यवस्था त्यांनी केली. सिलिंडरमधल्या द्रवाची वाफ होताना तो थंड पडतो, आणि एकाच सिलिंडरमधून तासभर जोरात गॅस ओढला तर त्याला बाहेरून घाम सुटतो आणि आतला दाब उतरतो. दोघांत ओढ वाटली गेली की हा त्रास राहत नाही.

प्रत्यक्ष काम तीन दिवस चालले. नळी भिंतीत पुरून वरून गिलावा करावा, म्हणजे पाहुण्यांच्या नजरेस पडणार नाही, अशी माझी इच्छा होती. त्यांनी साफ नकार दिला. पुरलेल्या नळीतली गळती दिसत नाही, साबणाचे पाणी लावून तपासता येत नाही आणि पुढे कोणी तसबिरीसाठी खिळा ठोकला तर कोठे ठोकतो आहे हे त्याला कळत नाही. त्या वेळी मला हा हेका वाटला होता, पण आता पिवळ्या रंगाची ती नळी भिंतीवरून उघडी जाताना दिसते याचेच समाधान वाटते. जेथे जांभ्याची भिंत पार करावी लागली तेथे आधी जाड प्लॅस्टिक पाइपचा तुकडा बसवून त्यातून तांब्याची नळी आरपार नेली. भिंतीच्या आत सांधा ठेवला नाही, आणि पाइपचे घराच्या आतले तोंड बंद करून बाहेरचे मोकळे ठेवले, म्हणजे कधी गळती झालीच तर गॅस बाहेरच्या बाजूला यावा.

खाऱ्या हवेचा विचार मला त्यांच्या कामात जागोजागी दिसला. तांबे पकडायला त्यांनी लोखंडी पट्ट्या वापरल्या नाहीत, कारण दोन वेगळे धातू खारट ओलीत एकमेकांना टेकले की लोखंड झपाट्याने गंजते. सगळे क्लॅम्प प्लॅस्टिकचे घेतले. सर्वांत सोपा मार्ग आमच्या गोठ्याच्या भिंतीवरून जात होता. त्याने तीन मीटर वाचले असते. पण त्यांनी तो टाळला. गोमूत्रातून अमोनिया सुटतो आणि पितळेच्या नटांना, विशेषतः आवळून ताणाखाली असलेल्या नटांना, अमोनियाने बारीक तडे जातात. गुरे बांधणाऱ्या कोकणातल्या प्रत्येक घरी ही गोष्ट ठाऊक असायला हवी असे मला वाटते. आमच्या जुन्या नळीचा एक नट गोठ्याच्या कोपऱ्यातच होता. त्यांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून जुन्या पितळेसारखा दिसत होता, पण नख फिरवले की केसाएवढी रेघ लागत होती.

सांधे दोन प्रकारचे केले. लांब ओळीतले सांधे चांदी मिसळलेल्या सळईने ब्रेझिंग करून पक्के केले. नळाच्या कामातले साधे कथिलाचे डाग गॅसला चालत नाहीत, कारण घराला आग लागली तर कथिल लवकर वितळते आणि गॅस त्या आगीतच ओतला जातो. व्हॉल्व्हजवळ, जेथे पुढे उघडावे लागेल तेथे, नळीचे तोंड फुलवून नट आवळले. फुलवलेल्या तोंडावर टेप गुंडाळायची नसते, तेथे धातूला धातू बसला पाहिजे, हेही त्यांनी करता करता सांगितले. सिलिंडरजवळ, शेगडीजवळ आणि गीझरजवळ असे तीन बॉल व्हॉल्व्ह दिले आणि दुसऱ्या गीझरसाठी एक फाटा बूच मारून ठेवला. रबरी नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरासाठी वापरली. ती तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी आहे, दर पाच वर्षांनी बदलायची असते, आणि तिच्यावर छापलेले वर्ष मोबाइलवर टिपून ठेवायला लावले. कौलारू घरात उंदीर असतातच आणि साध्या रबराचा ते फडशा पाडतात.

तपासणीला त्यांनी जो वेळ दिला तो मी कोणत्याही कारागिराने दिलेला पाहिलेला नाही. गीझर, शेगडी आणि रेग्युलेटर सोडवून, सगळी तोंडे बंद करून त्यांनी आधी पंपाने जास्त दाबाची हवा भरली आणि प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावला. नंतर दाब उतरवून निळ्या पाण्याची पट्टी जोडली. सकाळचे अकरा वाजले होते आणि पट्टीवरचा फरक कमी होण्याऐवजी हळूहळू वाढत होता. मी म्हणाले, गळत नाही हे तर दिसलेच. त्यांनी मान हलवली. नळीवर ऊन आले होते. बंद नळीतली हवा एका अंशाने तापली तरी पाणी साडेतीन सेंटीमीटर चढते, आणि त्या चढत्या पाण्याआड बारीक गळती सहज लपून जाते. ते निघून गेले आणि सावली पडल्यावर साडेपाच वाजता परत आले. पंधरा मिनिटे आम्ही दोघे त्या पट्टीसमोर बसून होतो आणि निळे पाणी जागचे हलले नाही. मगच गॅस सोडला. नळीत कोंडलेली सुमारे अडीच लिटर हवा शेगडीच्या बर्नरवाटे, खिडक्या-दारे उघडी ठेवून, जपून बाहेर काढली. शेवटी गीझर आणि शेगडी दोन्ही चालू करून टोकाचा दाब मोजला. तो साडेएकोणतीस सेंटीमीटर होता, आणि जुन्या नळीच्या टोकाला तो पूर्वी पंधरा होता.

गीझरची जागा बदलणे हा या कामातला वेगळा भाग होता, पण माझ्या लेखी तोच सर्वांत मोलाचा आहे. पूर्वी गीझर न्हाणीघराच्या आत, दारामागे होता. एक किलो गॅस जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. आमचे न्हाणीघर सात घनमीटरचे आहे. दार आणि झरोका बंद करून कोणी आत गीझर चालू ठेवला तर अर्ध्या तासात तेथली हवाच पुरणार नाही. त्याच्या बरेच आधी प्राणवायू घटून गॅस अर्धवट जळू लागेल आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होईल. एलपीजीला आपण ओळखतो तो वास मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. डोके जड होते, मळमळते, आणि माणूस दार उघडायला उठेपर्यंत कोसळतो. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांत पुष्कळदा बंद न्हाणीघर आणि आतला गॅस गीझर असतो. आमचा गीझर आता पूर्वेच्या बाहेरच्या भिंतीवर, छोट्या पत्र्याच्या छपराखाली आहे. पश्चिमेला पावसाची झड बसते म्हणून पूर्व निवडली, आणि धूर आत शिरू नये म्हणून न्हाणीघराच्या झरोक्यापासून तो दूर सरकवला.

ज्योतीविषयी त्यांनी एक गोष्ट शिकवली, ती समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. ज्योत निळी असावी हे सगळ्यांना माहीत असते. आमच्याकडे वारा समुद्रावरून आला की निळ्या ज्योतीत मधूनमधून नारिंगी ठिणग्या चमकतात आणि मी घाबरून त्यांना फोन केला होता. ते हवेतले मीठ जळते. काळजी करायची ती ज्योत सगळीच पिवळी, लांब आणि मऊ झाली किंवा गीझरच्या तोंडावर काजळी धरली तर. त्याचे कारण बहुधा बर्नरच्या हवेच्या छिद्रात कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर असते, असेही ते म्हणाले, आणि ऑक्टोबरमध्ये तसे एक घर त्यांनी आमच्या गीझरमधून खरोखरच काढले.

आता उणिवा. दिलेला वार ते पाळत नाहीत. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो म्हणाले आणि तिसऱ्या आठवड्यात आले, तोवर पाहुण्यांच्या दोन तुकड्यांना आम्ही चुलीवरचे पाणी दिले. बिल हाताने वहीच्या कागदावर लिहून देतात. ज्यांना हिशेबासाठी पक्के बिल हवे त्यांनी आधी बोलून घ्यावे. जांभ्याच्या भिंतीला पाडलेली भोके बाहेरून ओबडधोबड राहिली आणि ती गवंड्याकडून पुन्हा बुजवून घ्यावी लागली. नळीचा पिवळा रंग भिंतीवरही उडाला आहे. गीझरच्या आतल्या दुरुस्तीला ते हात लावत नाहीत, ती कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या म्हणतात.

सगळे मिळून साडेएकोणीस हजार रुपये झाले, त्यात तांब्याच्या नळीचाच खर्च सर्वांत मोठा होता. बारीक नळी सुचवणाऱ्या दुसऱ्या एकाने नऊ हजारांत काम करून देतो असे सांगितले होते. त्याने किती गॅस लागतो हे विचारलेच नव्हते.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपल्यावर, ते न बोलावता तपासणीसाठी आले. सगळ्या सांध्यांना पुन्हा फेस लावला, पावसाने सैल झालेला एक क्लॅम्प बदलला, निळ्या पाण्याची पट्टी जोडून टोकाचा दाब वाचला आणि वहीतल्या त्याच पानावर मे महिन्याच्या आकड्याखाली तारीख घालून लिहिला. तो तेव्हाही साडेएकोणतीसच होता. त्या पानाच्या कोपऱ्यात गळतीच्या तक्रारीचा १९०६ हा क्रमांक त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, आणि ते पान आता पडवीत, सिलिंडरच्या मुख्य व्हॉल्व्हच्या वर, पाहुण्यांनाही वाचता येईल असे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टांगले आहे.